पाचवा गिअर कुणासाठी?

मागच्या आठवड्यात पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, आपल्या गाडीला पाचवा गिअर बसवतोय. कॉन्टेसाचा गिअरबॉक्स मिळालाय. दिवाळीला येताना मिस्त्रीशी बोलून ठेवा." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. बरं म्हणायची जुनी सवय आहे. वर्गात पोरांनी काही विचारलं की आधी बरं म्हणायचं, मग रात्री घरी पुस्तक उघडून बसायचं. या वेळीही तसंच झालं. आठवडाभर मिस्त्रीकडे बसलो, वही काढली, गणितं मांडली. त्यातून जे मत तयार झालं ते इथे लिहितोय. पुतण्याही हे वाचतो, त्यामुळे एका अर्थी हे त्यालाच पत्र आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

आधी गाडीची ओळख. घरातल्या सगळ्यांना ती माहीत आहे, पण अलीकडे इथे येणाऱ्या मित्रांना नसेल. दादांची ही ॲम्बेसेडर मार्क टू, १९७४ची. आडतीचं दुकान जरा बरं चालायला लागलं तेव्हा दादांनी ती जुनी विकत घेतली. पुढे एकसलग बाक, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चार गिअर. इंजिन १४८९ सीसीचं, मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातलं. ताकद नवी असताना साधारण ५० अश्वशक्ती. आता त्यातले किती घोडे जिवंत आहेत ते देव जाणे. गाडीच्या कागदावर आता पुतण्याचं नाव आहे. दादा ८३ वर्षांचे आहेत, गुडघ्यामुळे क्लच दाबता येत नाही. तरी रोज संध्याकाळी वाड्यात गाडीपाशी खुर्ची टाकून बसतात.

पुतण्याचं म्हणणं चुकीचं नाही, हे आधीच कबूल करतो. पूर्वी कंधारहून लोह्याला जायचं, तिथून अहमदपूर, मग लातूर, तर रस्ता असा होता की चौथा गिअर टाकायची वेळच क्वचित यायची. टाकला की पुढे बैलगाडी, नाहीतर खड्डा, नाहीतर बाजारच्या दिवशीची गर्दी. आता तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झालाय, चौपदरी. तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत तो पार विदर्भात जातो. त्यावर आपली गाडी ८०ने निघाली की इंजिन ओरडतं. बोलायचं तर शेजारच्या माणसाच्या कानात बोलावं लागतं. पुतण्याला वर्षातून तीनचार वेळा पुण्याहून गाडी न्यायची-आणायची आहे, लेकरांना फिरवायचं आहे. त्याला वाटतं, एक गिअर वाढला की गाडी शांत होईल, पेट्रोल वाचेल, इंजिन जास्त टिकेल.

आता हा पाचवा गिअर म्हणजे नेमकं काय, ते आमच्या घरातल्या बायाबापड्यांसाठी सोपं करून सांगतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन पुष्कळ फिरतं आणि चाक थोडं. जोर जास्त, वेग कमी. जसजसा वरचा गिअर टाकाल तसतसा जोर कमी आणि वेग जास्त. आपल्या गाडीच्या चौथ्यात इंजिनाची एक फेरी म्हणजे मागे जाणाऱ्या दांड्याची, प्रोपेलर शाफ्टची, एक फेरी. सरळ हिशेब. पाचव्या गिअरमध्ये उलटं होतं: शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो. इंजिन ८२ फेऱ्या मारतं तेव्हा शाफ्ट १००. यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. इंजिन हळू चालतं आणि गाडीचा वेग तोच राहतो.

हे ऐकायला फुकटचं वाटतं ना? मलाही वाटलं. पण गणित मांडल्यावर तसं राहत नाही.

मिस्त्रीने गाडीचं डिफरन्शियल उघडलं होतं तेव्हा मी दात मोजले. मोठ्या चाकाला, म्हणजे क्राऊनला, ३९ आणि लहान पिनियनला ८. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८७५. शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. चाकाला खडूने खूण केली, गाडी ढकलत एक फेरी पुढे नेली आणि टेपने मोजलं: दोन मीटर पाच सेंटिमीटर. आता ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. चाकाच्या साडेसहाशे फेऱ्या. त्याला ४.८७५ने गुणलं तर इंजिनाच्या मिनिटाला ३१७० फेऱ्या झाल्या. ताशी ६०ला त्या २३८०च्या आसपास आणि १००ला ३९६०. म्हणजे पुतण्याला जो आवाज येतो तो खरा आहे. १००ने जायचं तर हे इंजिन जवळजवळ आपल्या शेवटच्या दमावर पळतं.

पाचवा ०.८२चा बसवला तर ८०ला फेऱ्या ३१७०वरून २६००वर येतात. शेकडा अठरा कमी. आवाजात हा फरक नक्की कळेल. इथपर्यंत पुतण्या जिंकला.

पण इंजिन हळू फिरवलं तर त्याची ताकदही कमी मिळते, ही गोष्ट हिशेबात धरावी लागते. सपाट रस्त्यावर, गाडीत दोघंतिघं असताना, ८०ने जायला लागणारी ताकद हे इंजिन २६०० फेऱ्यांतही देईल. त्याबद्दल वाद नाही. पण आपला मुलूख सपाट कुठे आहे? कंधार बालाघाटाच्या डोंगररांगांत बसलेलं. मन्याडच्या खोऱ्यातून वर यायचं तर चढ, लोह्याकडे निघालात तर चढउतार, अहमदपूरच्या अलीकडे पलीकडे तेच. गाडीत पाच माणसं, डिकीत दिवाळीचं सामान आणि समोरून वारा असला की पाचव्यातून चौथ्यात यावं लागणार. चढ संपला की परत पाचव्यात. मग पुन्हा चढ. पुण्यापर्यंत हात दांड्यावरच. वाचलेला दम गिअर बदलण्यात जाणार.

इथे मला अमेरिकेतल्या भाच्याची आठवण झाली. त्याच्याकडे १९६८ची फोर्ड मस्टँग आहे. तिकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. आपल्याकडे कॉन्टेसाला हौसेने तसं म्हणायचे. भाच्यानेही मध्यंतरी हेच केलं. चार गिअरचा जुना बॉक्स काढला आणि पाचवाला बसवला. त्यावेळी तो दर रविवारी फोनवर मला सगळं सांगायचा आणि मी हं हं म्हणायचो. आता परवा त्याला पुन्हा फोन करून नीट विचारलं.

तो म्हणाला, मामा, तिकडे मुख्य दोन पर्याय असतात. एक बॉर्ग-वॉर्नरचा टी-५, जो १९८३पासून नव्या मस्टँगमध्येच यायचा. हलका, स्वस्त, जुन्या बाजारात मिळतो, पण साधारण ३०० फूट-पौंडांच्या जोरापर्यंतच धड राहतो. त्यावर जोर आला की दात जातात. दुसरा ट्रेमेकचा टीकेएक्स, अलीकडचा, ६०० फूट-पौंडांपर्यंतचा जोर सोसणारा, पण महाग. आणि त्यातही पाचव्याचं गुणोत्तर निवडावं लागतं. ०.६८ घ्यायचं की ०.८१? भाच्याच्या गाडीचा मागचा ॲक्सल ३.०० चा. त्यावर ०.६८ लावलं तर एकूण २.०४ होतं आणि साध्या रस्त्यावर इंजिन इतकं हळू फिरतं की गाडी आचके देते. म्हणून त्याने ०.८१ घेतलं. मागचा ॲक्सल न मोजता पाचवा गिअर निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणणं, असं तो म्हणाला. हे मला पटलं. गिअरबॉक्स एकटा निवडायची वस्तूच नाही. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि चाक या चौघांचं मिळून एक कुटुंब आहे. एकाला बदललं की बाकी तिघांना विचारावं लागतं.

पण त्याच्या आणि आपल्या गाडीत मोठा फरक आहे. त्याचं इंजिन आठ सिलिंडरचं, ४.७ लिटरचं. रिकाम्या रस्त्यावर त्यातली निम्म्याहून जास्त ताकद पडून असते. ती पडून असलेली ताकद कामाला लावायची म्हणून पाचवा गिअर. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला बचतीची योजना शोभते. आमच्यासारख्या पेन्शनवाल्याला महिनाअखेर काही उरतच नसेल तर बँकेतल्या बाईने कितीही चांगली योजना सांगितली तरी काय उपयोग? आपल्या ॲम्बेसेडरचं तसं आहे. ५० घोड्यांत शिल्लक थोडी.

आणि हे मी एकटाच म्हणतो असं नाही. गाडी बनवणाऱ्यांनीही तेच केलेलं दिसतं. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली कॉन्टेसा आणली तेव्हा तिच्यात आपल्या ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. अंगाने मोठी, दिसायला रुबाबदार, पण चालायला जड. लोकांनी नावं ठेवली. मग कंपनीने काय केलं? त्याच इंजिनाला नुसता पाचवा गिअर लावून दिला नाही. जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणलं आणि त्याच्यासोबत पाच गिअरचा बॉक्स दिला. ती कॉन्टेसा क्लासिक. पुढे १९९२च्या सुमारास तेच इंजिन आणि तोच पाच गिअरचा बॉक्स ॲम्बेसेडरमध्येही आला, तेव्हा दांडा स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर गेला. म्हणजे पाचवा गिअर आला तो जास्तीच्या ताकदीचा हात धरून आला. एकटा आला नाही. कॉन्टेसा २००२ साली बंद झाली आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यातली ॲम्बेसेडर मे २०१४मध्ये. आता जे आहे ते जुन्या बाजारातलंच.

मग पुतण्यासमोर पर्याय किती? मी वहीत चार लिहिले.

पहिला, कॉन्टेसाचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही घ्यायचे. असं पुष्कळांनी केलेलं आहे आणि गाडी खरोखर चांगली पळते. पण मग ती दादांची गाडी उरते का, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला एवढं पळवायचं का, हे दोन प्रश्न राहतात. वेग वाढवायचा तर आधी ब्रेक वाढवा. हे क्रमाने पहिलं काम आहे आणि सगळे ते शेवटी करतात.

दुसरा, पुतण्याचा. इंजिन जुनंच ठेवून फक्त इसुझूचा बॉक्स लावायचा. मिस्त्रीला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "गुरुजी, बैठ जाता, पर बैठाना पडता." म्हणजे बसतो, पण बसवावा लागतो. इंजिनाच्या आणि बॉक्सच्या तोंडाची भोकं जुळत नाहीत, त्यामुळे मधे लोखंडी प्लेट कातून घ्यायची. प्लेट केसभर जरी वाकडी झाली तरी बेअरिंग आणि क्लच खाऊन टाकते. क्लच प्लेटचे मधले दात नव्या बॉक्सच्या दांड्याप्रमाणे हवेत. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून पुन्हा बॅलन्स करायचा. खालचा आधाराचा आडवा पट्टा नवा. स्पीडोमीटरची केबल आणि तिचा आकडा दुरुस्त. आणि दांडा जमिनीतून वर येणार, म्हणून मधला पत्रा कापायचा आणि पुढचा बाक काढून दोन वेगळ्या खुर्च्या टाकायच्या.

तिसरा पर्याय इंग्लंडचा. तिकडे या घराण्यातल्या एमजी गाड्यांना लेकॉकचं वेगळं ओव्हरड्राइव्ह मिळायचं. हल्ली तिकडचे लोक मॉरिस मायनरला आणि एमजीला फोर्डचा टाइप-९ नावाचा पाच गिअरचा बॉक्स तयार सामानासकट बसवतात. वर मी जो ०.८२ आकडा घेतला तो त्याच्याच पाचव्याचा. चांगलं काम आहे, पण ते सामान मागवणं आणि इथे बसवणारा शोधणं कंधारात बसून जमणारं नाही.

चौथा पर्याय कुणी बोललाच नव्हतं. गिअरबॉक्सला हातच लावायचा नाही. मागचे क्राऊन-पिनियन बदलायचे. ३९ आणि ८ काढून ४१ आणि ९ची जोडी, म्हणजे ४.५६. ही जोडी याच जातीच्या ॲक्सलची आहे. ८०ला फेऱ्या ३१७०वरून २९६० होतात. शेकडा साडेसहा कमी. पाचव्याच्या अठराच्या मानाने थोडंच. शिवाय यात एक तोटा असा की चारही गिअर तेवढेच लांबतात. पाचवा गिअर खालच्या चारांना धक्का लावत नाही, हे त्याचं मोठेपण आहे. इथे मात्र पहिलाही थोडा कमजोर होतो.

पहिल्या गिअरवर जरा थांबतो, कारण त्याची कुणी गोष्ट करत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी दादांनी दुकान बंद ठेवलं, गल्लीतल्या बायांनी भाकरी थापल्या, घरोघरचे कपडे-चादरी गोळा केल्या आणि ही गाडी भरून आम्ही निघालो. अहमदपूर, लातूर, औसा. मी मागे गाठोड्यांत अडकून बसलेलो. वर पाऊस. पुढे पुढे नुसता चिखल आणि गाड्यांची रांग. दादांनी शेवटचा कितीतरी वेळ गाडी पहिल्यात आणि दुसऱ्यात चालवली. या गाडीचा पहिला गिअर असा की चालत्या गाडीत तो डबल क्लच मारल्याशिवाय पडत नाही. दादांचा पाय नुसता चालू होता. त्या दिवशी तिथे काय पाहिलं ते मी लिहीत नाही. पण परत येताना दादा एवढंच म्हणाले होते, गाडीनं साथ दिली. तेव्हा कुणाला वरचा गिअर आठवला नाही. म्हणून नवा बॉक्स घेताना पाचव्याचा आकडा बघायच्या आधी पहिल्याचा बघा. भरल्या गाडीने मन्याडच्या काठावरून चढ चढायचा तर पहिला कसा आहे, ते विचारा.

पेट्रोलचंही गणित करून टाकतो, कारण पुतण्याचा भर त्यावर आहे. त्याच्याच अंदाजाने गाडी आज लिटरला ११ देते आणि पाचव्याने साडेबारा देईल. वर्षाला गाडी चालते फार तर २००० किलोमीटर. आज १८२ लिटर लागतं, उद्या १६० लागेल. वाचलं २२ लिटर. पेट्रोल शंभराच्या वर आहे, तर वर्षाला बावीसशे-तेवीसशे रुपये. मिस्त्रीने कातकाम, शाफ्ट, क्लच, खुर्च्या धरून एकूण खर्च पाऊण लाखाच्या घरात सांगितला. ७५००० भागिले २३००. उत्तर साधारण ३३ वर्षं. सातवीतल्या पोराला हे उदाहरण घातलं असतं तर त्याने शेवटी लिहिलं असतं: म्हणून पेट्रोलसाठी गिअर बसवू नये. हौसेसाठी बसवावा, त्याला माझी ना नाही. पण हौस म्हणूनच बसवावा, बचत म्हणून नको.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आणखी कडक भूमिका घेतली. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी २०००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, वेगळी नंबर प्लेट. अट अशी की चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नको. आपली गाडी १९७४ची, पन्नास कधीच ओलांडली. त्या यादीत गिअरबॉक्सचं नाव नाही, हे मी नीट पाहिलं. पण इंजिन आहे आणि बॉडीही आहे. म्हणजे पहिला पर्याय सरळ आडवा येतो आणि दुसऱ्यात पत्रा कापला की तोही अडचणीत. अर्थात व्हिंटेज नोंदवलेली गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन-रॅली आणि दुरुस्ती-पेट्रोलपुरतीच रस्त्यावर आणता येते. पुतण्याला ती नोंदणी आज नको असेल. पण त्याच्या लेकराला उद्या हवी असेल तर? आज कापलेला पत्रा उद्या जोडता येतो, पण मग ती जोडलेली गाडी.

तर माझं मत असं.

एक. आधी जे आहे ते दुरुस्त करा. चौथ्यातला अर्धा आवाज इंजिनाचा नसून म्हाताऱ्या रबरांचा आहे. इंजिनाखालचे माउंटिंग, शाफ्टचे क्रॉस, गिअरच्या दांड्याचे बुश, सायलेन्सरच्या पट्ट्या बदला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यासाठी जुन्या रबरी नळ्याही बदला. ब्रेक नीट करून घ्या. मग पुन्हा महामार्गावर नेऊन ऐका.

दोन. तरीही आवाज खुपला तर ४१-९ची जोडी टाका. साडेसहा टक्के थोडे आहेत, पण त्यासाठी काही कापावं लागत नाही, बाक जागेवर राहतो, दांडा जागेवर राहतो, इंजिन तेच. काढलेली जोडी ग्रीस लावून, पोत्यात बांधून ठेवा. पटलं नाही तर परत बसवता येते. जुन्या वस्तूत बदल करताना परत फिरायची वाट ठेवावी, एवढंच मला म्हणायचं आहे.

तीन. ज्याच्या गाडीत शिल्लक ताकद आहे आणि जो महिन्याला दोनचार लांबचे प्रवास करतो, त्याने पाचवा गिअर अवश्य बसवावा. भाच्याने केलं ते बरोबरच केलं. इसुझू इंजिनाची कॉन्टेसा असेल तर तिच्यात तो मुळातच आहे. पण ५० घोड्यांच्या गाडीला वर्षातल्या चार फेऱ्यांसाठी तो नको.

पुतण्या म्हणेल, काका, तुम्ही जुन्याला कवटाळून बसता. असेलही. मी स्वतःला विचारलं की हा सगळा हिशेब मी बाक वाचवण्यासाठी तर मांडला नाही ना. त्या बाकावर दादा, मधे मी आणि खिडकीशी वहिनी असे आम्ही माळेगावच्या यात्रेला जायचो. वहिनी जाऊन आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मनात काही नव्हतंच असं कसं म्हणू? पण आकडे मी खोटे मांडलेले नाहीत. दात मोजले आहेत, चाक मोजलं आहे. कुणाला चूक सापडली तर जरूर दाखवा, मी दुरुस्त करीन. आणि गाडी पुतण्याच्या नावावर आहे, चालवणार तो आहे. शेवटचा शब्द त्याचाच. त्याने पाचवा बसवायचं ठरवलं तर मिस्त्रीच्या दारात खुर्ची टाकून प्लेट सरळ कातली जातेय का ते बघायला मीच बसेन.

दादांना मी हे सगळं परवा वाचून दाखवलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. नंतर म्हणाले, गाडीत बसव मला. बसवलं. चावी न लावता त्यांनी दांडा हळूहळू पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात नेला. चौथ्यापाशी दोनदा मागेपुढे हलवून पाहिला.

"चौथा ढिला झालाय रे," ते म्हणाले. "मिस्त्रीला बुश बदलायला सांग. पोरगं यायच्या आत."

उद्या सकाळी जातो. अशा जुन्या ॲम्बेसेडरमध्ये कुणी ४१-९ची जोडी किंवा इसुझूचा बॉक्स बसवला असेल तर अनुभव जरूर कळवा. पुतण्याला आणि मला, दोघांनाही उपयोग होईल.